रिले कोणी निवडला?

साकीनाक्याच्या एका गाळ्यात चेतना राणे बावीस वर्षं कंट्रोल पॅनेल बांधत होती. शिक्षण बारावी, पण कुठल्या सर्किटला कुठला रिले, म्हणजे करंट जोडणारी-तोडणारी कळ, घालायचा, हे मालक अल्पेशभाई तिलाच विचारत. कागदावर सही मात्र त्यांची, कारण डिग्री त्यांची. चेतना बोलायला फटकळ. "डोळे फुटले काय रे? बारीक अक्षरं वाच ना!" हे दिवसातून एकदा तरी कुणाला ऐकावंच लागे.

या खेपेला काम आलं क्रेनच्या ब्रेकच्या पॅनेलचं, २२० व्होल्ट डीसीचं. चेतनाचा आजवरचा सगळा संसार एसीशी. तिने नेहमीचाच रिले निवडला. त्यावर ठळक लिहिलं होतं, दहा अँपिअर. ब्रेकची कॉइल घेणार जेमतेम दोन. मग बघायचं काय? ग्राहकाचे इन्स्पेक्टर श्यामसुंदर येऊन पॅनेल पास करून गेले. तपासणीसाठी कॉइलच्या जागी लावलेला छोटा दिवा इमानेइतबारे लागला, विझला.

दुपारी टेम्पो दारात उभा होता. जादाचे रिले खोक्यात भरताना तिची नजर एकाच्या कडेला गेली. दहा अँपिअर होते ते एसीला. २२० व्होल्ट डीसीला फक्त पाव अँपिअर.

एसीचा दाब सेकंदाला शंभरदा शून्यावर येतो, त्यामुळे रिले उघडताना उडणारी ठिणगी आपोआप मरते. डीसीला अशी उसंत नसते. ठिणगी पेटती राहते आणि एखाद्या दिवशी रिलेची टोकं वितळून चिकटून बसतात. क्रेनचा ब्रेक कॉइलचा करंट तुटला की लागतो; मग करंट तुटत नाही, ब्रेक लागत नाही, आणि हुकाला लटकलेलं ओझं खाली येतं. खाली माणसं काम करत असतात.

ती गप्प राहिली असती तर आज कुणाला पत्ता लागला नसता. बावीस वर्षं काम केल्यावर आपली चूक चारचौघांत सांगायची लाज तिला वाटली, चांगलीच वाटली. तरी ती उठली.

"अल्पेशभाई, टेम्पो परत पाठवा. रिले चुकलाय."

कारण ऐकून अल्पेशभाईंनी कपाळावर हात मारला. "वाट लागली, ताई!" पण श्यामसुंदरांना फोन लावला, स्पीकरवर. "साहेब, आमच्याकडून एक चूक झालीय..."

"आमच्याकडून नाही, माझ्याकडून," चेतना मधेच म्हणाली. "रिले मी निवडला. डीसीचा वेगळा मागवते, खऱ्या कॉइलवर चालवून दाखवते. चार दिवस द्या."

"तुम्ही कोण?" श्यामसुंदरांनी विचारलं.

"चेतना राणे. वायरिंग करते."

"आणि आमची आधीची सात पॅनेलं?"

चेतनाने अल्पेशभाईंकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

"त्यांचेही रिले मीच निवडले. सगळी एसीची आहेत. चालतायत ना?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"चालतायत. चार दिवस घ्या, बाई. पण या पॅनेलच्या कागदावर मला तुमची सही लागेल."

"करते," चेतना म्हणाली. "पण आधी त्यावरची बारीक अक्षरं वाचीन."