पांझरेपलीकडची वस्ती कोणत्याच यादीत नव्हती

मतदारयादीवर हरकत घेण्याचा शेवटचा दिवस. कचेरी बंद व्हायला तास उरला होता. नदीपलीकडच्या वस्तीतले लोटन आबा शेतसाऱ्याच्या पावत्यांचं गाठोडं घेऊन माझ्या टेबलापुढे उभे राहिले.

"भाऊ, आमनं नाव कोठे शे?"

इंग्रजी अमलात धुळ्याच्या मामलेदार कचेरीत मी मतदारयाद्यांचा कारकून होतो. त्या याद्यांचं मला भारी अप्रूप. एकच गल्ली नगरपालिकेत आपला मेंबर पाठवते, मुंबईच्या असेंब्लीला दुसरा. दिल्लीला माणूस पाठवायचा तर आसपासचे जिल्हे जोडतात. मताचा हक्क कोण किती सारा वा कर भरतो त्यावर ठरे आणि तो तिन्हीकडे वेगळा, म्हणून याद्याही वेगळ्या. एवढं मोठं शहर माझ्या टेबलावरच्या कागदांतून थेट दिल्लीत बोलतं, या विचाराने तेव्हा अंगावर काटा यायचा.

आबांची वस्ती नुकतीच शहराच्या हद्दीत आली होती. म्हणून मी तालुक्याच्या यादीतून त्यांची नावं कमी केली. शहराची यादी घरनंबरावरून होई आणि वस्तीला नंबर पडलेले नव्हते. ही नावं तुमच्या यादीत घ्या, अशी चिठ्ठी शहराच्या कारकुनाला पाठवायची, ती मी पाठवलीच नाही.

"शहराच्या यादीत असतील," मी म्हणालो.

"आसतीन नको सांगू. शेतस का, ते दखाड."

यादी उघडली. नव्हती. हरकतीचा अर्ज घेतला असता तर माझी चूक मामलेदार रावसाहेबांपुढे गेली असती. मी आबांना नगरपालिकेत पिटाळलं. ते परत आले तेव्हा कचेरीला कुलूप लागत होतं.

रावसाहेबांनी विचारलं, "हरकती?"

"एकही नाही, रावसाहेब."

मुंबईच्या असेंब्लीचं मतदान झालं त्या दिवशी वस्ती तरीही आली. धुतलेली धोतरं, इस्त्री नसलेल्या टोप्या, नऊवारीतल्या दोन म्हाताऱ्या. उन्हात कुणी रांग मोडली नाही. नाव नाही हे ठाऊक असून माणसं इतकी शांत कशी उभी राहतात, हे मला आजही उलगडलेलं नाही. एकेकाला परत पाठवण्यात आलं. टेबलाशी मीच होतो.

आबा म्हणाले, "मुंबईमा नही, दिल्लीमा नही. पन धुयामा तरी शेतस ना आम्ही?"

मी पानं उलटत राहिलो.

पुढच्या यादीत त्यांची नावं मी स्वतः वस्तीत जाऊन लिहिली. आबांनी प्रत्येक नाव वाचून घेतलं आणि म्हणाले, "तुन्हा उपकार शेतस, भाऊ." मी ते उपकार घेतले. खरं काय ते कुणालाच सांगितलं नाही, म्हणून आज लिहितो.

नव्या कारकुनांना एवढंच सांगणं: नाव एका यादीतून कमी करायचं, तर आधी ते दुसरीत चढलेलं डोळ्यांनी पाहावं. मग रेघ मारावी.