भाजीचा पास

आमच्या टेम्पोच्या काचेला आतून एक कागद चिकटवलेला होता. त्याला सगळे भाजीचा पास म्हणत. शहरात नवा नियम आला होता. दिवसा मालाच्या गाड्यांना आत बंदी, सूट फक्त दूध-भाजीसारख्या नाशवंत मालाला, आणि तीही पास असेल तर. तो पास मिळवायला बाबांनी किती खेटे घातले ते मला विचारू नका. मिळाला तेव्हा त्यांनी त्याला हळदकुंकू लावलं. मी कॉलेजात जाणारी शहाणी, मी हसले. बाबा म्हणाले, "हास गो, हास. ह्याच्याशिवाय आपली काकडी नाक्यावरच म्हातारी व्हायची."

आमची वाडी सिद्धगडाच्या पायथ्याशी. भात निघालं की शेतात काकडी आणि भेंडी, आणि सकाळी तोडलेला माल भरून टेम्पो म्हसा, मुरबाड करत शहराच्या बाजारात. वाडीत गाडी म्हणून तेवढीच, त्यामुळे टेम्पो बाबांचा असला तरी हक्क सगळ्यांचा. वऱ्हाड त्यातून, जत्रेला बैल त्यातून, आणि कुणी आजारी पडलं तर तेही त्यातूनच. आजाऱ्यासाठी गाडी रिकामी करायची, ही वाडीची रीत. माल कितीही भरलेला असो, लोक धावत यायचे, पोती उतरवायचे, फळ्या झाडून पेंढा पसरायचे आणि वर गोधडी घालायचे. माणूस काय पोतं आहे का, मालाबरोबर न्यायला? मला ही रीत फार आवडायची. अजून आवडते, म्हणून तर तो दिवस आठवला की माझं डोकं फिरतं.

त्या सकाळी टेम्पो भरून उभा होता आणि काकीला, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाच्या बायकोला, एकाएकी रक्त जायला लागलं. दिवस भरत आले होते. काका गवताच्या वखारीवर कामाला, आठवड्याला घरी येणारे. सुईण बाहेर येऊन बाबांना म्हणाली, "माज्या हातातलं नाय ह्ये. न्या लवकर."

मग काय, सगळी वाडी टेम्पोला भिडली. पोती, टोपल्या, खाली पडलेली एकेक भेंडीसुद्धा बायकांनी वेचून काढली. काकीला त्रास नको म्हणून पेंढा दुप्पट घातला. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. मुरबाडला डॉक्टरांनी तिला टेम्पोतच तपासलं आणि म्हणाले, "ऑपरेशन लागेल. सरळ शहरात न्या, इथं थांबू नका."

शहराच्या हद्दीवर नाका होता. तिथं हवालदारानं हात दाखवला.

"गाडीत काय?"

"पेशंट हाय सायेब. बाळतपणाची बाय हाय, आडलीय," बाबा म्हणाले.

त्यानं काचेवरचा पास वाचला, मागे येऊन फळीवरून आत पाहिलं. "पास भाजीचा आहे. भाजी कुठाय?"

"उतरवली."

"मग गाडी वळवा. भाजी नाही तर पास चालत नाही."

मला वाटलं, त्याला नीट दिसलं नसावं. मी काकीच्या अंगावरचं पांघरूण बाजूला केलं. गोधडी लाल झाली होती. त्याला दिसलं, चांगलं दिसलं. त्याचा चेहरा पडला. पण त्यानं चौकीकडे पाहिलं, जिथे त्याचे साहेब बसले होते. मला म्हणाला, "ताई, परवाच एकानं पेशंट आहे सांगून विटा आत नेल्या. माझी नोकरी जाता जाता राहिली. तुम्ही रिक्षा करा."

"तिला बसता येत नाही हो! रिक्षात कशी नेऊ?"

तो अगदी कळवळून बोलला, "निदान थोडी भाजी तरी ठेवायची होती. भाजी असती तर मी सोडलं असतं."

मी सुन्न झाले. शिव्या दिल्या असत्या तर मी उलटून दिल्या असत्या, तोंडाची मी कधीच गरीब नव्हते. पण हा माणूस दुष्ट नव्हता. तो खरंच आम्हाला मदत करायला बघत होता आणि त्याला सुचलेली सगळ्यात मोठी मदत ही होती. काकडी आत जाऊ शकत होती, काकी नाही. आणि बाबा? बाबा स्टिअरिंग धरून पुन्हा पुन्हा एकच म्हणत होते, "उतरवाया नको व्हती गो, उतरवाया नको व्हती." त्यांना वाटत होतं, चूक आपलीच. ते ऐकून मला रडू फुटलं, संतापानं.

रस्त्याच्या कडेला डोक्यावर काकडीची टोपली घेतलेली एक बाई रिक्षाची वाट बघत उभी होती. बोलण्यावरून शहापूरकडची असावी. तिनं सगळं ऐकलं होतं. ती सरळ टेम्पोपाशी आली, मला म्हणाली, "सर गो," आणि टोपली काकीच्या पायाशी ठेवली. मग हवालदाराकडे वळली. "ही बघ भाजी. आता?"

त्यानं टोपलीकडे पाहिलं, पासाकडे पाहिलं आणि बॉनेटवर थाप मारली. "जाऊ द्या, जाऊ द्या!" त्याचाही जीव भांड्यात पडला असावा.

बाबांनी गाडी अशी काही काढली की ती बाई खालीच राहिली. पुढे बाबा तिची टोपली घेऊन कितीतरी वेळा त्या नाक्यावर थांबले. ती पुन्हा दिसली नाही.

काकीला मुलगी झाली. दोघी जगल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी उशीर चालला नसता. वाडीतल्या बायका त्या मुलीला चिडवायच्या, ही काकडीच्या पासावर आलेली. सगळे हसायचे, काकी हसायची नाही. आणि वाडीची रीत बदलली. आजाऱ्यासाठी गाडी रिकामी करायचे, पण पायाशी एक टोपली भाजी राहू द्यायचे. पावसाळ्यात काही नसलं तर टाकळ्याच्या जुड्या. नाक्यावरचा नियम पुढे बदलला म्हणतात, टोपली काही सुटली नाही.

बऱ्याच वर्षांनी बाबांच्या छातीत दुखायला लागलं. त्यातून ते बरे झाले, हे आधीच सांगून टाकते. मी लग्न होऊन शहापूरला गेले होते, पण त्या दिवशी माहेरी होते. मोबाइलवरून फोन केला आणि चक्क ॲम्ब्युलन्स वाडीपर्यंत आली, वर दिवा फिरतोय. बाबांना आत घेतलं, मी शेजारी बसले, ड्रायव्हर दार लावणार तेवढ्यात काकी शेताकडून पळत आली. हातात काकडीची टोपली.

"थांब रे! ही ठेव आत."

ड्रायव्हर हसला. "मावशी, ही ॲम्ब्युलन्स आहे. हिला कोण अडवतंय?"

"तुला नाय ठाव. आमाला इचारतात."

"काकी, अगो, आता नाय लागत," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्या दिवसाबद्दल ती पहिल्यांदाच बोलली. "तू रडत व्हतीस तवा मी शुद्धीवर व्हते. सगळं ऐकत व्हते."

मी पाय आवरून जागा केली. तिनं टोपली आत सरकवली. स्ट्रेचरवरच्या बाबांनी डोळे मिटलेलेच ठेवून हात खाली सोडला, चाचपडत टोपलीचा काठ शोधला आणि दवाखाना येईपर्यंत सोडला नाही.