चांदीचा जळका कागद

मैत्रिणींनो, आज शाळेत घडलेलं आजच सांगते; एकटीला पेलवत नाही.

गर्दचं व्यसन आपल्या शेजारच्या गोव्यापर्यंत आलं, म्हणून सरकारने यंदा शाळांना व्यसनविरोधी कार्यक्रमासाठी अनुदान दिलं आहे. आज त्याचंच भाषण होतं. पाहुण्यांनी चांदीचा कागद तापवून गर्द कसं ओढतात, तेच करून दाखवलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

"मुलांना यातून काय कळलं, ते बघायला पुन्हा याल ना?" मी विचारलं.

"बाई, अनुदान एकाच भाषणाचं आहे," असं हसून म्हणत ते जीपमध्ये बसले.

मधल्या सुट्टीत सातवीच्या मुली चॉकलेटची चांदी नाकाशी धरून खेळत होत्या. "माका दी गो, आता माजी पाळी."

एकच मुलगी लांब उभी होती. मी जवळ गेले, तशी हळूच म्हणाली, "बाई, दादा गोव्याच्या हॉटेलातसून घराक येता, तेवा तेच्या खिशात अशेच जळके कागद गावतत. आवशीक सांगू नकात."

आईला नाही सांगणार, असं मी म्हणाले.

तिचा दादा उद्या सकाळच्या एसटीने गोव्याला परत चालला आहे. माझ्या जागी तुम्ही असता, तर हा शब्द पाळला असता का?