हातापासून ब्रेकपर्यंत

स्वप्ना चुरी पाण्याला भीत नाही. माहेरी, बोळींजला, वाडीलगतच्या बावखलात ती पोहायला शिकली. तळ न दिसणाऱ्या त्या गोड्या पाण्याच्या तळ्यात डोके बुडवायची सवय तिला लहानपणापासूनची आहे. धावण्याचीही तिला भीती नाही. परंतु ट्रायथलॉनमध्ये या दोहोंच्या मध्ये सायकल येते, आणि चव्वेचाळीस वर्षांच्या स्वप्नाची सगळी भीती त्या मधल्या भागात गोळा झालेली आहे.

ती भीती समजून घ्यायची तर सायकलचीच थोडी ओळख करून घ्यावी लागेल. लांब पल्ल्याच्या शर्यतीत हँडलच्या मधून पुढे काढलेले दोन दांडे वापरतात. कोपरे गादीवर टेकवून स्वार त्या दांड्यांवर जवळजवळ आडवा होतो. वारा अंगावरून निसटतो आणि तेवढ्याच श्रमात सायकल अधिक पळते. ब्रेक मात्र मागे, बाजूच्या मुठींवरच राहतात. म्हणजे वेग सर्वाधिक असतो तेव्हा हात ब्रेकवर नसतात.

दोन वर्षांपूर्वी स्वप्नाच्या जुन्या सायकलला असेच दांडे वरून जोडलेले होते. अर्नाळ्याच्या रस्त्यावर एका वाडीच्या फाटकातून स्कूटर बाहेर आली. तिला ती दिसली. तिने हात उचलले. हात दांड्यावरून सुटले होते आणि ब्रेकपर्यंत पोहोचले नव्हते, तेवढ्या अंतरात ती रस्त्यावर पडली. खांद्याचे हाड मोडले ते यथाकाल जुळले. पण त्यानंतर कोणतेही फाटक दिसले, मग ते बंद का असेना, की तिचे तळवे ओले होत. पुढे ही भीती सायकलपुरती राहिली नाही. वालीवच्या ज्या प्लास्टिकच्या कारखान्यात ती खरेदी विभाग सांभाळते, त्याच्या समोरचा रस्ता एकटीने ओलांडणे तिने हळूहळू थांबवले. शेजारी कोणीतरी येऊन उभे राहीपर्यंत ती मोबाइलमध्ये काहीतरी पाहत असल्याचे दाखवी. एके दिवशी हे तिच्याच ध्यानात आले, आणि त्याच आठवड्यात तिने ट्रायथलॉनच्या शर्यतीत नाव नोंदवले.

शर्यतीसाठी नवी सायकल निवडताना तिच्याबरोबर ॲनिशा होती. ॲनिशा नंदाखालच्या शाळेत खेळाची शिक्षिका आहे आणि रविवारी स्वप्नाबरोबर सराव करते. मुंबईतल्या दुकानाचा मालक फ्रेडरिक तिच्या ओळखीचा होता.

"मॅडम, आधी एक सांगा," तो म्हणाला. "स्पीड पाहिजे का कम्फर्ट?"

"मला हात ब्रेकवर पाहिजेत."

"सगळा वेळ?"

"जमेल तेवढा वेळ."

ॲनिशाला हसू आवरले नाही. "फ्रेडी, ताईंना सायकल नको देऊ. हातगाडी दे. दोन्ही हात कायम जागेवर!"

स्वप्ना हसली नाही. कारखान्यासाठी यंत्रे घेताना ती तीन-तीन पुरवठादारांना घाम फोडते, असे तिथे सांगतात. इथे मात्र तिच्या प्रत्येक प्रश्नाचा उगम तिच्या ओल्या तळव्यांत होता. उंच कडांची चाके अधिक वेगवान, हे तिला मान्य होते. पण राजोडीच्या किनाऱ्यावरून आडवा वारा आला तर ती चाके शिडासारखी ढकलली जातील, म्हणून ती नकोत. दांड्यांची गादी थोडी वर घ्या, समोरचे नीट दिसले पाहिजे. तिने फ्रेडरिकला सर्वाधिक विचारले ते गिअरबद्दल. तारेवर चालणाऱ्या जुन्या पद्धतीत गिअरची कळ दांड्याच्या टोकाशीच असते. उठून ब्रेक धरलेले असताना गिअर बदलायचा, तर ब्रेक सोडून हात पुढे न्यावा लागतो.

"इलेक्ट्रॉनिकमध्ये तसं नाही," फ्रेडरिकने दाखवले. "इथे पण बटण, तिथे पण बटण. हात कुठेही असू दे. दाबलं की मागची मोटर चेन सरकवते."

"आणि बॅटरी संपली तर?"

"कित्येक आठवडे चालते मॅडम. तुमचा फोन आधी मरेल."

हे ऐकून स्वप्नाच्या चेहऱ्यावर जो निवांतपणा आला, तो पाहून ॲनिशाला राहवले नाही. "ताई, गिअर दोन्हीकडे. ब्रेक एकाच ठिकाणी हां."

"कळतंय मला."

"कळतंय हो. पण ऐकू येतंय का?"

सायकल आगाशीला आली. घरात स्वप्ना आणि तिचे सासरे विठ्ठल चुरी एवढी दोनच माणसे. नवरा, अनुज, मालवाहू जहाजावर असतो आणि वर्षातला निम्मा काळ समुद्रात काढतो. विठ्ठलरावांनी, म्हणजे अण्णांनी, उभा जन्म केळी आणि सोनचाफा पिकवण्यात घालवला. त्यांनी नव्या सायकलभोवती एक फेरी मारली.

"हिला बॅटरी? म्हणजे पाय तुझे आणि अक्कल हिची."

"बरं आहे ना अण्णा. दोघींपैकी एकीला तरी असेल."

ते हसले. त्या दिवशी सायकलला त्यांनी हात लावला नाही. ती सरावाला निघाली की मात्र ते फाटकाशी येऊन उभे राहत, आणि ती परतेपर्यंत तिथेच काही ना काही काम काढत.

शर्यतीला थोडे दिवस उरले असताना, एका रविवारी सकाळी, त्या दोघी राजोडीच्या रस्त्यावर होत्या. ॲनिशा बरीच मागे राहिली होती. एका बाजूला सुरूची झाडे होती, दुसऱ्या बाजूला सुट्टीच्या पर्यटकांसाठी बांधलेली विश्रामगृहे. वारा पाठीवर घेत स्वप्ना दांड्यांवर आडवी झाली. गिअर जड करण्यासाठी तिने बटण दाबले, पण काही झाले नाही. पुन्हा दाबले. मागच्या मोटरचा बारीक कुरकुर आवाज आला आणि थांबला. तिसऱ्यांदा दाबताना तिने मान वळवून मागे, चेनकडे पाहिले.

मान वर आली तेव्हा एका फाटकातून पांढरी गाडी उलटी बाहेर येत होती.

त्या क्षणाचे वर्णन तिने पुढे कधी नीटसे केले नाही. ती एवढेच म्हणते, की हात कधी मागे आले ते तिला कळले नाही. ब्रेक लागले, मागचे चाक वाळूवर सरकले, आणि सायकल गाडीच्या मागच्या काचेशी अशी थांबली, की आत बसलेल्या लहान मुलीने काचेवर टेकवलेला तळवा स्वप्नाला दिसला. गाडीवाल्याने खिडकीतून "सॉरी हां, सॉरी" म्हटले आणि तो निघून गेला. एक पाय रस्त्यावर टेकला होता, पण पेडलला अडकवलेला दुसरा पाय स्वप्नाला सोडवता येईना. ॲनिशाने येऊन तिची कंबर धरली, तेव्हा कुठे ती खाली उतरली.

तिला रस्त्याच्या कडेला बसवून ॲनिशाने मागच्या गिअरची बॅटरी काढली. "हे कुणी केलं? आत सगळं ग्रीस आहे. करंट जाणार कसा?"

स्वप्नाने बोट लावून पाहिले आणि वास घेतला. तो वास तिच्या घराचा होता. किनाऱ्यालगतच्या या गावांत धातू टिकत नाही, खारा वारा त्याला खाऊन टाकतो. म्हणून चुरींच्या घरात कडी, कोयंडा, बिजागऱ्या, पंपाचे बोल्ट, इतकेच नव्हे तर टॉर्चची स्प्रिंगसुद्धा, दर शनिवारी ग्रीसने माखली जाते. हे काम अण्णांचे. तिला प्रथम राग आला आणि त्यामागोमाग, रागाहून पुष्कळ मोठी, भीती आली. सायकल घेताना तिने वाऱ्याचा, वाळूचा आणि बॅटरीचा विचार केला होता. घरातली माया तिने कुठल्याच हिशेबात धरली नव्हती.

ग्रीस पुसल्यावर गिअर पडू लागले. तरी घरापर्यंत ती दांड्यांवर वाकली नाही.

अण्णा पडवीत सोनचाफ्याच्या कळ्या निवडत बसले होते. त्यांचे लक्ष आधी तिच्या काळ्या बोटांकडे गेले.

"बॅटरीला ग्रीस लावलंत, अण्णा?"

"लावलं. आत पितळेचे ठिपके आहेत. हिरवे पडले असते."

"गिअर अडला."

त्यांचा हात थांबला. "पडलीस?"

"नाही. गाडी मागे येत होती. थांबले."

"किती लांब?"

तिने दोन तळव्यांमधले अंतर दाखवले. त्या अंतराकडे त्यांनी पाहिले. मग अगदी हळू म्हणाले, "अनुजला काय सांगणार होतो मी?"

"मी शर्यत सोडते, अण्णा."

"सोड."

हा शब्द इतक्या तातडीने आला, की तो दोन वर्षे त्यांच्या तोंडात तयार होता हे तिला कळले. तिला सुटल्यासारखे वाटायला हवे होते. त्याऐवजी तिची नजर पडवीच्या कोपऱ्याकडे गेली. अण्णांची जुनी सायकल तिथे केळीच्या टोपल्यांमागे गेली होती. याच सायकलवरून ते रोज सकाळी आगाशीच्या बाजारात जात. अलीकडे फुले न्यायला माणूस घरी येई.

"तुमची सायकल कधीपासून बंद आहे?"

"टायर गेलेत तिचे."

"टायर गेले म्हणून सोडलीत, की सोडलीत म्हणून टायर गेले?"

"वकिलीण झालीस का ग?" ते म्हणाले, पण त्यांनी मान वर केली नाही. मग एक कळी बाजूला ठेवत म्हणाले, "तू पडलीस त्यानंतर बाजाराच्या फाट्यावर माझे पाय थरथरायला लागले. मग कशाला जायचं?"

कारखान्यासमोरच्या रस्त्यावर मोबाइल पाहत उभी असलेली स्वतःची आकृती स्वप्नाला त्या पडवीत दिसली, अण्णांच्या वयाची, शहात्तर वर्षांची. राजोडीच्या गाडीपेक्षाही ते दृश्य तिला अधिक भयंकर वाटले.

ती उठली. मागचे चाक उचलून धरणाऱ्या सरावाच्या स्टँडवर तिने सायकल पडवीतच बसवली आणि दांड्यांवर आडवी झाली. "अण्णा, समोर उभे राहा. वाटेल तेव्हा ओरडा."

"काय ओरडू?"

"गाडी म्हणा, काहीही म्हणा."

"वेडी आहेस," असे म्हणत ते समोर येऊन उभे राहिले. "गाडी!" ते ओरडले, तेव्हा त्यांचाच आवाज फाटला. तिचे हात मागे आले, ब्रेकवर. पुन्हा. "स्कूटर!" पुन्हा. "कुत्रा!" एकदा ते काहीच बोलले नाहीत, तरी तिचे हात मागे आले.

"आता काय होतं?"

"तुमचा चेहरा होता," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी ती राजोडीला गेली. दूर फाटक दिसले की ती आधीच उठे आणि ब्रेक धरून, त्याच मुठीवरच्या बटणाने गिअर बदलत, फाटक ओलांडेपर्यंत ताठ बसूनच जाई. यात वेळ जातो, हे तिला ठाऊक होते.

"ताई, असं केलंत तर शेवटच्या याल," ॲनिशा म्हणाली.

"आले तर आले."

सुरूच्या बाजूला फाटके संपली आणि रस्ता मोकळा झाला. तळवे ओलेच होते. स्वप्नाने ते एकेक करून मांडीला पुसले, कोपरे गादीवर टेकवली आणि हात ब्रेकवरून सोडून पुढे नेले.