हंबीररावांच्या दुधात पाणी

आमच्या गल्लीतल्या हंबीररावांना शिवी दिलेली चालायची, पण 'दुधात पाणी आहे का' असं विचारलेलं चालायचं नाही. ते चंद्री म्हैस गिऱ्हाइकाच्या दारात उभी करत, तांब्या उलटा करून दाखवत आणि डोळ्यांदेखत धार काढत. एकदा पावसाचे थेंब तांब्यात पडतील म्हणून घोंगडं म्हशीवर टाकून स्वतः भिजले होते.

अठ्ठ्याहत्तर साली त्यांच्या हातांना खाज सुटली. राजारामपुरीतल्या यज्ञेश्वर डॉक्टरांनी मलम दिलं. खाज वाढली, तसं डॉक्टरांनी मलम वाढवलं. हात सुजून लाल झाले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "दुधाची अ‍ॅलर्जी आहे. म्हैस विका."

हंबीररावांच्या बायकोनं, आक्काताईंनी, लगेच कुरुंदवाडचं गिऱ्हाईक बघितलं. हंबीरराव माझ्याकडे येऊन म्हणाले, "दूध माज्या हाताला चावतंय म्हनं. कुणीतरी मला दाखवा की!"

मी त्यांना घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टर नुकतेच मुंबईहून एक नवी तपासणी शिकून आले होते आणि त्यांना माणूस हवाच होता. रक्तातल्या पांढऱ्या पेशी बारीक काचनळीत भरायच्या आणि नळी मीठपाण्यासारख्या द्रवात ठेवायची. रात्रभरात पेशी रांगत बाहेर येऊन पसरतात. पण शरीराचं ज्याच्याशी वाकडं आहे तो पदार्थ त्या द्रवात असेल, तर पेशी नळीच्या तोंडाशीच बसून राहतात.

"वाकडं असलं की मानूस तरी कुटं दुसऱ्याच्या दारात जातंय?" हंबीररावांना एकदम पटलं.

"उद्या थोडं दूध आणा. ताजं आणि निर्भेळ," डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हंबीरराव चंद्रीलाच घेऊन आले. रिक्षावाले ओरडले, पेशंट भिंतीला चिकटले. हंबीररावांनी रक्त दिलं, डॉक्टरांपुढं तांब्या उलटा करून दाखवला आणि पायरीशी धार काढली. डॉक्टरांनी त्यातला एक थेंब घेतला आणि त्यात ते मीठपाणी भरपूर ओतलं.

"डाक्टर!" हंबीररावांच्या आवाजानं चंद्रीनं पायरीवरच शेण टाकलं. "माज्या दुधात पानी? त्ये बी माज्याच म्होरं?"

घट्ट दुधात पेशी हलूच शकत नाहीत, हे डॉक्टरांनी सांगून पाहिलं. मीही सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी! "निर्भेळच तपासा, न्हायतर माजं रगात परत द्या," एवढंच त्यांचं उत्तर. डॉक्टरांनी वैतागून तसंच केलं.

सकाळी एकही पेशी हललेली नव्हती. म्हणजे म्हैस चालली कुरुंदवाडला.

डॉक्टर म्हणाले, "अहो, बासुंदीत पडलेली मुंगी चालेल का? एकदा पाण्यात बघू द्या."

हंबीररावांनी पुन्हा रक्तासाठी हात पुढं केला, भिंतीकडे तोंड फिरवलं आणि ते म्हणाले, "घाला. पर मला वतल्याला आवाज नगो."

नव्या तपासणीची हौस दांडगी, म्हणून डॉक्टरांनी दुधाशेजारी हाताला लागेल ते तपासायला ठेवलं. त्यात टेबलावरचं, हंबीररावांना दिलेलं मलमही आलं, तेही तसंच पाण्यात कालवून.

दुसऱ्या सकाळी पाणी घातलेल्या दुधात पेशी ऐसपैस पसरल्या होत्या. मलमात मात्र सगळ्या जागच्या जागी. डॉक्टर सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढेनात. शेवटी म्हणाले, "शास्त्र अजून नवं आहे." मला संताप आला. हात सुजवले यांच्या मलमानं आणि आळ बिचाऱ्या म्हशीवर!

हंबीररावांना रागवायला सवड नव्हती. "डाक्टर, पान्याचं कुटं बोलू नगा."

"आणि तुम्ही मलमाचं," डॉक्टर हळूच म्हणाले.

दोघांनीही शब्द पाळला. मी कुणाला शब्द दिला नव्हता.

हंबीररावांच्या घरी आलो तर कुरुंदवाडचं गिऱ्हाईक चंद्रीचं दावं सोडायच्या तयारीत. हंबीररावांनी त्याच्या हातातून दावं काढून घेतलं. "पावणं, च्या घ्या आनि जावा." आक्काताईंना म्हणाले, "दुधाचं न्हाय त्ये. म्हस ऱ्हातीया." मग चंद्रीच्या मानेला मिठी मारून लहान पोरासारखे रडले.

"चंद्रे, तुज्या दुधात एकच डाव पानी पडलं. त्ये बी तुज्यापायी. रागावू नगंस."

चंद्रीनं बादलीत तोंड घातलं आणि ती पाणी पीत राहिली.