वाढत्या अंगाची चेटकीण

हरिश्चंद्र काका चौतीस वर्षं शिंपी होते आणि त्यांनी एकाही माणसाचं माप घेतलेलं नव्हतं.

नोकरीच तशी होती. मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला शिवणखातं होतं, तिथे ते चादरी, उशांचे अभ्रे आणि पेशंटचे झगे शिवायचे. झगा सगळ्यांना एकाच मापाचा, मागून उघडा, तीन ठिकाणी नाड्या. शिवून झाला की वॉर्डाचा शिक्का मारायचा आणि गठ्ठा वर पाठवायचा. वर तो कोणाच्या अंगावर चढला, तो माणूस पुढे चालत घरी गेला की कसा गेला, हे खाली कळत नसे. काका म्हणायचे, "एक बरं होतं. बाही तोकडी झाली म्हणून कोणी भांडायला आलं नाही."

रिटायर झाल्यावर ते आणि अंबिकाकाकू लालबागची खोली विकून मीरा रोडला आले, सातव्या मजल्यावर. शिवणयंत्र काकूंच्या हट्टाने घेतलेलं. त्यावर त्या फॉल-पिको करायच्या, पण स्वतःचे ब्लाऊज बाहेर टाकायच्या आणि बायकांत सांगायच्या, "आमच्यात शिंपी आहेत घरात, पण त्यांच्याकडून शिवून घ्यायला आधी ॲडमिट व्हावं लागतं." काकू चार वर्षांपूर्वी गेल्या. मुलगा यतीन पुण्याला असतो. त्याचा फोन दर रविवारी अकराला येतो आणि कुकरच्या तीन शिट्ट्यांत संपतो.

मी त्यांच्या मागच्या खोलीतला पेइंग गेस्ट. माझं नाव त्यांना येतं, पण ते मला बार्शीकर म्हणतात, जणू आख्खं गाव त्यांच्याकडे राहायला आलंय.

समोरच्या फ्लॅटमध्ये रुचिताताई आणि तिची आठ वर्षांची अनुष्का भाड्याने राहत होत्या. इकडे भाडेकरूचं वय अकरा महिन्यांच्या करारात मोजतात. त्या हिशोबाने त्या तीन करार राहिल्या. अनुष्काचा बाबा नीरज याला उरणच्या बाजूला काम मिळालं, तो आधीच तिकडे गेला होता, आणि आता या दोघी उलव्याला निघाल्या होत्या. तोवर शाळा सुटल्यापासून आई ऑफिसमधून येईपर्यंत अनुष्का काकांकडे. वरणभात जेवायची, बोलायची, परत बोलायची. त्या घराची बेल वाजवणारं दुसरं कोणी नव्हतं. माझ्याकडे चावी आहे.

दिवाळी संपली आणि सोसायटीच्या ग्रुपवर आलं: शुक्रवारी सात वाजता क्लबहाऊसमध्ये मुलांची हॅलोवीन पार्टी.

"आजोबा, मला विच व्हायचंय," अनुष्काने जाहीर केलं.

"म्हणजे काय व्हायचं?"

"चेटकीण."

"मग आठवडाभर केस विंचरू नकोस. झालं."

"ड्रेस लागतो! काळा. सगळ्यांनी ऑनलाइन मागवला. आई म्हणते, मी खोकी भरू की चेटकीण भरू."

काकांनी कोपऱ्यातल्या शिवणयंत्राकडे पाहिलं. मग म्हणाले, "झगाच ना? तो येतो मला."

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन भाईंदर पश्चिमेच्या बाजारात गेले. दुकानदाराने काळं अस्तराचं कापड उलगडलं आणि विचारलं, "क्या बनाना है, अंकल? छाता?"

"पोती के लिए झगा," काका म्हणाले. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते कापडाचा पोत बघत होते.

झगा एका दुपारीत तयार झाला. चौतीस वर्षांचा हात, तो काही विचारायला थांबतो थोडाच! अनुष्काने तो घातला, आरशात पाहिलं, मागे हात घालून तीन नाड्या चाचपल्या, आणि अगदी काळजीने विचारलं, "आजोबा, मला काय झालंय?"

मी हसून सोफ्यावरच आडवा झालो. "काका, शिक्का राहिला बघा. वॉर्ड नंबर तेरा!"

काकाही हसले, पण झगा तिच्या अंगावरून काढून घेताना त्यांचे कान लाल झाले होते. संध्याकाळभर ते ब्लेडने शिवण उसवत बसले. मला म्हणाले, "बार्शीकर, तिचा एखादा मापाचा फ्रॉक आण समोरून."

मापाचा फ्रॉक सतरा नंबरच्या खोक्यात गेला होता आणि सतरा नंबरवर अठरा, एकोणीस आणि मिक्सर होता. म्हणजे आता माप घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

काकूंच्या डब्यातून टेप निघाला. काका तो हातात धरून अनुष्कापासून दोन हात लांब उभे, साप मोजायला बोलावल्यासारखे.

"तू घे रे," ते मला म्हणाले.

"मी कॉमर्सचा आहे, काका."

"तुम्हीच घ्या ना!" अनुष्का वैतागली. "मी काय चावते?"

मग त्यांनी टेपचं टोक तिच्या खांद्यावर ठेवलं. तिला गुदगुल्या झाल्या, ती वाकडी झाली. काकांनी हात मागे घेतला, परत ठेवला. आकडे ते हळू सांगत होते आणि मी पेपरच्या कडेला लिहीत होतो. खांदा अकरा. छाती पंचवीस. झग्याची उंची एक्केचाळीस. लिहून झाल्यावर त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि वर नाव घातलं, अनुष्का. त्याखाली रेघ ओढली.

त्या आठवड्यात मी त्यांना इतकं गंभीर पाहिलं की मला यतीनला फोन करावासा वाटला. गळा तीनदा उसवला. बाह्यांना टोकं काढली. टोपी खोक्याच्या पुठ्ठ्याची झाली, आतून तिच्यावर 'किचन, काच' असं लिहिलेलं. फक्त झाडूवरून भांडण झालं. केरसुणी लक्ष्मीपूजनाला आणलेली, कोरी, कुंकू लावलेली.

"तिच्यावर पाय टाकून बसायचं नाही," काका म्हणाले. "लक्ष्मी आहे ती."

"मग चेटकीण उडणार कशी?"

"लिफ्टने."

बुधवारी रुचिताताई झगा बघायला आली. काठ पाहून म्हणाली, "काका, खाली एवढं कापड? किती लांब होईल!"

"आत चार बोटं दुमडणार आहे. वाढतं अंग आहे तिचं. पुढच्या वर्षी सोडायचं थोडं, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी."

"अहो, एका संध्याकाळचा तर ड्रेस."

काकांनी काठ परत घडीत घातला. "आमच्याकडे वाढत्या अंगाचंच शिवतात," ते म्हणाले.

त्या रात्री जेवताना त्यांनी मला सहज विचारल्यासारखं विचारलं, "क्लबहाऊसात मोठ्या माणसांना बसायला देतात का रे?"

"देतात. का?"

"काही नाही. चौतीस वर्षांत मी शिवलेलं घालून कोणी चालताना पाहिलं नाही. पाहावं म्हटलं एकदा."

बस, एवढंच हवं होतं त्यांना. शुक्रवारी सात वाजता ती आत येणार, आणि हे खुर्चीवर बसून बघणार. निळा शर्टसुद्धा इस्त्रीला गेला.

गुरुवारी रुचिताताई दारात उभी राहिली, ओढणीने घाम पुसत. "काका, घोळ झाला. आम्ही शनिवारचा टेंपो सांगितला होता. सेक्रेटरी म्हणतात, शनिवार-रविवार शिफ्टिंग बंद, नियम आहे. उद्याच निघावं लागणार, सहाच्या आत."

तिच्या मागे अनुष्का रडत होती, आवाज न करता, म्हणजे प्रकरण खरं होतं.

मला वाटलं, काका आता म्हणतील की पोरीला पार्टीपुरती इथे ठेव, नंतर बार्शीकर आणून सोडेल. मी सोडलंही असतं. रुचिताताईही बहुतेक त्याचीच वाट बघत होती, कारण ती जरा थांबली.

काका म्हणाले, "सहाच्याही आधी निघा. घोडबंदरला अडकाल." आणि अनुष्काला म्हणाले, "झगा घालून जा. गाडीत चेटकीण पाहिली की लोक रस्ता देतात."

शुक्रवारी मी घरूनच काम करत होतो. म्हणजे लॅपटॉप उघडा होता. साडेचारला समोरचं घर रिकामं होत आलं. झगा तयार, फक्त खालची दुमड राहिली होती. अनुष्काने तो घातला आणि काढायला साफ नकार दिला. काका सुई घेऊन दोन्ही घरांच्या मधल्या पॅसेजमध्ये फरशीवर बसले.

अंगावर असताना कपडा शिवू नये, असं अंबिकाकाकूंचं म्हणणं होतं. शिवायचाच झाला तर ज्याच्या अंगावर आहे त्याने दातांत दोरा धरायचा आणि शेवटची गाठ पडेपर्यंत बोलायचं नाही. काकांनी काळ्या दोऱ्याचा तुकडा तिला दिला. ही मुलगी झोपेतही बोलते असं तिची आई सांगते. ती दोरा चावून उभी राहिली, टोपी डोक्यावर, हाताने खुणा करत. काकांच्या तोंडात टाचण्या. दोघंही मुकी.

टेंपोवाले फ्रिज घेऊन त्यांना वळसा घालून गेले. मग कपाट गेलं. मग तुळशीची कुंडी. पाच वाजता काकांचे टाके तांदळाएवढे होते. सव्वापाचला ते खसखशीएवढे झाले. खालून वॉचमन इंटरकॉमवर ओरडला, "मॅडम, टेंपो निकालो, सेक्रेटरी साब देख रहे हैं!"

"काका, एवढं बारीक कशाला?" रुचिताताई कुलूप हातात घेऊन म्हणाली.

काकांनी मान वर केली नाही. अनुष्काने एकदा बोट लावून त्यांच्या डोक्यावर काहीतरी दाखवलं, पण बोलता येत नव्हतं, म्हणून हात खाली घेतला. मी चेष्टा करायला तोंड उघडलं आणि ती न करताच दोऱ्याचं रीळ त्यांच्या हाताशी सरकवलं. माझ्या बाबतीत हे क्वचित घडतं.

शेवटी गाठ पडली. अनुष्काने दोरा थुंकला आणि इतका वेळ दाबून ठेवलेलं वाक्य बाहेर आलं, "आजोबा, तुम्हाला इथे वर केसच नाहीयेत, वरून दिसतं!"

"खाली वाकू नये, ते त्यासाठीच," काका म्हणाले. मग लिफ्ट आली.

आम्ही गॅलरीत गेलो. सातव्या मजल्यावरून ती एक काळा त्रिकोण दिसत होती. त्रिकोण टेंपोमागच्या टॅक्सीत शिरला, दार लागलं, आणि दाराच्या फटीतून झग्याचा काठ बाहेर लोंबत राहिला. चार बोटांची दुमड घालूनही तो लांबच होता. वाढत्या अंगाचा.

"अनुष्का! दार!" काका ओरडले. सातव्या मजल्यावरून कोण ऐकतंय? गाडी गेटाबाहेर गेली. काकांनी फोन लावला. रुचिताताईने उचलला नाही. त्यांनी परत लावला.

सात वाजता क्लबहाऊसमध्ये गाणी सुरू झाली. "चला, बघून तर येऊ," मी म्हटलं.

"कोणाला?" काका म्हणाले.

थोड्या वेळाने बेल वाजली आणि ते माझ्याआधी उठले. दारात पोरंटोरं खाऊसाठी पिशव्या पसरून उभी, त्यांत चार चेटकिणी, चारही एकाच कारखान्यातून सुटलेल्या. काकांनी उरलेले शंकरपाळे ओंजळीने वाटले. एकीच्या खांद्याची शिवण सुटली होती. काकांचा हात तिकडे गेला, पण ती पुढच्या बेलकडे पळाली.

फोन आठच्या सुमाराला आला. काकांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर.

"काका, अकरा मिस्ड कॉल! काय झालं? बरं वाटत नाहीये का?"

"झगा दारात अडकला होता."

पलीकडे रुचिताताई हसली, मग तिचा आवाज जरा बदलला. "हो. ठाण्याला उतरलो तेव्हा कळलं. काठ फाटलाय वीतभर. बघते, इथे कोणी टेलर असेल तर..."

"टेलरकडे नको!"

तेवढ्यात फोन अनुष्काने ओढला. "आजोबा, मी तोच घातलाय. इथे पार्टीच नाहीये. तुम्ही या ना शिवायला."

"बघतो," काका म्हणाले. आपल्याकडे 'बघतो' म्हणजे काय, हे आठ वर्षांच्या मुलांनाही कळतं. मग काकांनीच विचारलं, "सुईदोरा आहे का तिकडे?"

"आईच्या पर्समध्ये. पण पांढरा आहे."

"चालेल. चेटकिणीला कोण विचारतंय! आधी झगा काढ, दुसरं काहीतरी घाल. मग सुई ओव."

सुई ओवायला पाच मिनिटं लागली. काका मांडीवर हात ठेवून बसले होते. "आता फाटलंय तिथली माझी शिवण उसव. आत कापड आहे, ते खाली घे. आलं?"

"आलं. खूप आहे!"

"आहेच. आता दुमड आणि धावदोरा घाल. सुई खाली, सुई वर."

"टोचली!"

"टोचते एकदा. चोख बोट आणि पुढे चल. शेवटी गाठ मारायची बरं का, नाहीतर सगळं निघून येईल. किती झाले टाके?"

"चार." मग बऱ्याच वेळाने, "नऊ." मग, "अकरा. आजोबा, वाकडे येतायत."

"येऊ देत."

तिकडे कुठेतरी दार वाजलं. "पप्पा आले! पप्पा, पाव आणलेत?" फोन फरशीवर ठेवल्याचा आवाज आला आणि पावलं धावत लांब गेली.

काका वाट बघत बसले. फोनमधून नवीन घर ऐकू येत होतं, सामान न लागलेलं, घुमणारं. नीरज विचारत होता, बल्ब कुठल्या खोक्यात आहे. रुचिताताई सांगत होती, सतरा. अनुष्का भरल्या तोंडाने काहीतरी सांगत होती. शब्द कळत नव्हते, पण बोलणं थांबत नव्हतं.

दहा मिनिटं गेली. खिचडी गार झाली होती.

"काका, विसरली ती. ठेवा फोन, जेवून घ्या."

त्यांनी माझ्याकडे न बघता हात वर केला.

"थांब रे. गाठ मारायची राहिलीय तिची."

मी दोन्ही ताटं झाकून ठेवली. पलीकडे कोणीतरी खोक्याची टेप फाडत होतं.