अनंतशेठच्या गोठ्यातला डीव्हीआर

"सायरन नको. बैल बिचकंल," अनंतशेठ म्हणाले आणि माझा अर्धा प्लॅन तिथेच बाद झाला.

पनवेलमध्ये माझं सीसीटीव्हीचं दुकान आहे. अनंतशेठ नेऱ्याकडचे. जमिनींचे व्यवहार करतात, पण जीव सगळा हौशावर. हौशा म्हणजे त्यांचा शर्यतीचा बैल. शर्यत तोंडावर आली होती आणि कुणीतरी गोठ्यात शिरून हौशाला काहीबाही खायला घालेल, या धास्तीने शेठना जेवण जात नव्हतं.

गोठ्यात कॅमेरा होता, डीव्हीआर होता. डीव्हीआर म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा. तो नुसता बघतो. चोर किती निवांतपणे आला आणि गेला, एवढं नंतर दाखवतो.

"याला बोलता करा," शेठ म्हणाले.

"नवाच घ्या ना. त्यात हे सगळं तयार येतं."

"हा लकी हाय. लागला तवापासून हौशा हरला नाय."

यापुढे टेक्निकल चर्चा संपते. डीव्हीआरला मागे इशारा बाहेर पाठवणारी पिन असते. तिला मी एक छोटं बोर्ड जोडलं, बोर्डाला स्पीकर. सेटिंगमध्ये कॅमेऱ्याच्या चित्रावर दारापाशी चौकोन आखला. चौकोनात काही हललं की स्पीकर बोलणार. आवाज शेठचाच, कारण तो बैलाच्या ओळखीचा. शेठनी माइकसमोर छाती फुगवून डरकाळी फोडली, "कोण हाय रं? थांब तितंच!"

डेमोला मीच आत शिरलो आणि खरंच दचकलो. स्वतःवर भलताच खूश होऊन घरी आलो.

काही दिवसांनी शेठचा फोन. "हौशानं दाराकडं मान काढली तरी ओरडतंय."

"चौकोन लहान करायला येऊ?"

"नको, नको. आता आवाज झाला की गुपचूप मागं सरून उभा राहतो. लय शाना झालाय."

आम्हा दोघांनाही त्याचं कौतुकच वाटलं.

शर्यतीला शेठनी मला मुद्दाम बोलावलं. झेंडा पडला. शेठ बांधावर चढून ओरडले, "पळ रं, हौशा!"

मालकाचा आवाज कानावर पडताच हौशा मागे सरला आणि शिस्तीत उभा राहिला. जोडीचा बैल पुढे ओढतोय, गाडी आडवी झालेली, गाडीवान शिव्या घालतोय. शेठ आणखी मोठ्याने ओरडले. हौशा आणखी स्तब्ध. माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि शेठचं तोंड दाबावं की सरळ गाडी काढून पनवेल गाठावं, ते कळेना.

"शेठ, ओरडू नका! तुमच्याच आवाजाला थांबतोय तो!"

तोवर दुसरी गाडी पोचलीसुद्धा होती. शेठ मटकन खाली बसले. त्यांच्याकडे बघून मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी स्पीकर काढला आणि इशारा शेठच्या मोबाइलवर जाईल अशी सोय केली. हे आधीच सुचायला हवं होतं. अलार्म लावताना तो कोणाकोणाच्या कानावर पडणार, हे आता मी पहिलं विचारतो.

त्याच आठवड्यात शेजारच्या गावातले एक गृहस्थ दुकानात आले. म्हणाले, "आमचा बैल कुनाच्या बापाला ऐकत नाय. अनंतशेठकडं बसवलंत तेच आमाला पायजे."

काम घेतलं. अट एकच घातली, शर्यतीच्या दिवशी मालकाने तोंड उघडायचं नाही.